चालता येत असतानाही व्हीलचेअर वापरायची असेल तर

दीर्घ आजार असलेल्या माणसाला बरेचदा चालता येते. किती चालता येते आणि त्यानंतर अंगात काय त्राण उरते, हा खरा प्रश्न असतो. मज्जासंस्थेला इजा करणारा मल्टिपल स्क्लेरॉसिस, संधिवात, सांधे सैल करणारा एहलर्स-डॅनलॉस, उभे राहताच नाडी धावू लागणारा पॉट्स, थोड्या श्रमानेही गळून टाकणारा दीर्घ थकव्याचा आजार एमई/सीएफएस किंवा कोविडनंतर रेंगाळलेले दुखणे असलेली व्यक्ती सकाळी घरात सहज वावरते आणि दुपारी रांगेत उभी राहिली की तिचे पाय गळून जातात. अशा माणसाने दिवसातला किंवा आठवड्यातला काही वेळ व्हीलचेअर वापरणे पूर्णपणे रास्त आहे. तरीही पाय अगदीच उचलेनासे होईपर्यंत ती घ्यायची नाही, असे आपण मनाशी ठरवून बसतो. मी स्वतः हा उशीर केला आणि त्या काळात माझे बाहेर जाणे एकेक करत कसे बंद पडत गेले, हे मला फार नंतर उमगले.

निर्णय अंदाजाने न घेता दोन आठवडे एक वही ठेवावी. किती वेळ चाललो, किती वेळ उभे राहिलो, त्या संध्याकाळी कसे वाटले आणि पुढचे दोन दिवस कसे गेले, एवढेच तिच्यात लिहावे. पुढच्या दोन दिवसांची नोंद सर्वांत मोलाची असते, कारण एमई/सीएफएसमध्ये श्रमानंतर दुखणे उलटते ते बहुधा 12 ते 48 तासांनी, आणि तोवर ‘काल तर काहीच झाले नाही’ अशी आपली समजूत झालेली असते. उभे राहण्याची नोंद चालण्यापासून वेगळी ठेवावी. पॉट्स असलेल्या प्रौढ व्यक्तीची नाडी उभे राहिल्यापासून 10 मिनिटांच्या आत मिनिटाला 30 किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढते, त्यामुळे अशा अनेकांना चालण्यापेक्षा खिडकीपुढे ताटकळणे अधिक जड जाते. वहीत ज्या कामांनंतर दोन दिवस अंथरुणात गेलेले दिसतील, त्या कामांसाठी खुर्ची घ्यावी.

बसून बसून पाय कमकुवत होतील, ही भीती घरचे बोलून दाखवतात आणि ती निराधार नाही. न वापरलेले स्नायू क्षीण होतातच. म्हणून कोणती हालचाल चालू ठेवायची हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना आपल्या आजाराचे नाव घेऊन विचारावे, कारण एकाच सल्ल्याने सर्वांचे भागत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या 2021च्या मार्गदर्शनानुसार एमई/सीएफएसवर उपचार म्हणून ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये. दुसऱ्या एखाद्या आजारात मात्र नियमित व्यायाम हाच उपचाराचा भाग असतो.

खुर्ची निवडताना पहिला प्रश्न मागच्या चाकांचा. चारही चाके लहान असलेली खुर्ची हलकी असते, पण ती दुसऱ्यानेच ढकलावी लागते, आणि ढकलणारा बाजूला गेला की आपण जिथल्या तिथे. मागे 24 इंची चाके असलेली खुर्ची स्वतः चालवता येते, म्हणून हातांत बळ असेल तर मी तिचाच आग्रह धरेन. खांदे निखळत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील किंवा कोणताही श्रम उलटत असेल, तर पायांचा भार हातांवर टाकून काही साधत नाही. तिथे विजेवर चालणाऱ्या खुर्चीचा विचार करावा. साधी पोलादी खुर्ची 16 ते 18 किलोंची असते आणि ती गाडीत उचलून कोण ठेवणार, हे विकत घेण्याआधीच ठरलेले बरे. मापे नेमकी घ्यावीत: बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीपेक्षा साधारण अडीच सेंटिमीटर जास्त, गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मावतील एवढी मोकळीक आणि पायपट्ट्या जमिनीपासून निदान 5 सेंटिमीटर वर. वापर थोडा वेळचा असला तरी उशी चांगलीच घ्यावी. शक्य असेल तर आधी काही दिवस भाड्याने आणून पाहावे.

चालवताना चाकाच्या कडीला, म्हणजे हाताने फिरवायच्या बाहेरच्या गोल दांडीला, भराभर छोटे धक्के देऊ नयेत. कडी चाकाच्या माथ्याच्या किंचित मागे धरून लांब, संथ ढकलावी आणि हात सैल खाली सोडावेत, म्हणजे खांदे टिकतात. चढावर पुढे झुकावे. उतारावर पाठ टेकवून कडी तळव्यांतून हळूहळू सरकू द्यावी आणि हातमोजे घालावेत, नाहीतर तळवे भाजतात. उतार 1:12 पेक्षा तीव्र असेल, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीसाठी 180 सेंटिमीटरहून आखूड असेल, तर मदत मागावी. जमिनीतली फट नेहमी काटकोनात ओलांडावी. तिरके गेल्यास पुढचे लहान चाक फटीत वळून अडकते, खुर्ची जागीच थांबते आणि अंग मात्र पुढे जाते.

अधूनमधून उठणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. उठण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावावेत, पायपट्ट्या वर दुमडाव्यात, तळवे जमिनीवर पूर्ण टेकवावेत, बैठकीच्या कडेपर्यंत सरकावे आणि मगच उभे राहावे. पायपट्टीवर उभे राहिल्यास खुर्ची पुढे कलंडते. याउलट, पाठीमागे जड पिशवी अडकवलेली असेल तर आपले वजन उठताच खुर्ची मागे उलटते, म्हणून सामान बैठकीखाली ठेवावे. आधारासाठी रिकामी खुर्ची ढकलत चालणे अनेकांना सोयीचे वाटते, पण तोल गेला की ती पुढे पळते. तिला वॉकर समजू नये.

खुर्चीतून उठून चालू लागलात की लोक पाहतात, क्वचित टोकतातही. ‘मला थोडे चालता येते, जास्त नाही’ एवढे वाक्य तयार ठेवावे आणि आजाराची कहाणी सांगत बसू नये. सोबत्याला मात्र घरूनच सांगून ठेवावे, की न विचारता खुर्चीमागची मूठ धरायची नाही आणि ढकलण्याआधी तसे बोलायचे.

पहिली फेरी अर्ध्या तासाची, ओळखीच्या आणि सपाट वाटेवरची असावी. खुर्चीमुळे वाचलेले त्राण त्याच दिवशी आणखी एका कामावर उधळण्याचा मोह होतो, तो पहिल्या काही फेऱ्यांत तरी टाळावा. पुढच्या दोन दिवसांची नोंद त्याच वहीत करावी आणि खुर्चीविना केलेल्या तशाच कामाच्या जुन्या नोंदीशेजारी ती ठेवून वाचावी.