निकेलच्या तारेला वजन टांगा आणि मीटरकडे बघा

ताणामुळे चुंबकीय धातूचे गुण बदलतात, हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एमिलिओ व्हिलारी यांनी 1865 साली नोंदवलं. माझं म्हणणं एवढंच, की ट्रान्सफॉर्मर किंवा सेन्सरच्या कामात हात घालण्याआधी प्रत्येकाने हा बदल एकदा मीटरवर पाहावा.

0.5 मिमी जाडीची, ॲनील केलेली, म्हणजे तापवून हळूहळू थंड करून मऊ केलेली, निकेलची तार घ्या. ॲनील केलेलीच हवी. तार ओढून बनवतात, त्यामुळे कडक तारेत ताण आधीच मुरलेला असतो. पेनाच्या रिकाम्या रिफिलवर बारीक इनॅमल तारेचे (विद्युतरोधक लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे) भरपूर वेढे द्या, ही झाली कॉइल. निकेलची तार त्यातून ओवून उभी टांगा, दोन्ही टोकं कॉइलच्या बरीच बाहेर राहू द्या. कॉइल वेगळ्या आधारावर बसवा, म्हणजे वजन तिच्यावर येणार नाही. वजनं पितळेची घ्या. लोखंडाची असली तर आकडा कशामुळे हलला ते कळणार नाही.

कॉइलची टोकं एलसीआर मीटरला, म्हणजे इंडक्टन्स मोजणाऱ्या उपकरणाला, जोडा आणि मीटर 100 हर्ट्झवर ठेवा. कॉइलमधला धातू जितका सहज चुंबकित होतो, तितका इंडक्टन्सचा आकडा मोठा. आता शंभर-शंभर ग्रॅम वाढवत जा. इंडक्टन्स पायरीपायरीने उतरतो. 800 ग्रॅमला थांबा. तिथे ताण साधारण 40 मेगापास्कल होतो आणि मऊ निकेल त्यापुढे फार सोसत नाही. तार लांबलेली डोळ्यांना दिसतही नाही, पण आकडा केव्हाच खाली आलेला असतो. मला हे दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं.

कारण असं: निकेल ज्या दिशेला चुंबकित होतं त्या दिशेला किंचित आखडतं, दहा लाखांत सुमारे 35 भाग. ओढ लागली की आतले डोमेन (धातूतले एकाच दिशेने चुंबकित असलेले बारीक भाग) ओढीला आडवे व्हायला बघतात, आणि तारेच्या लांबीच्या दिशेने चुंबकन जड जातं. मऊ लोखंडाची तार लावाल तर मीटरच्या क्षीण क्षेत्रात आकडा उलट वाढेल. चुंबकीय क्षेत्र जोरदार केलं की लोखंडाचं वागणंही उलटतं, निकेलसारखं होतं.

वजन उतरवा, आकडा जवळजवळ मूळ जागी येतो. मग तीच तार बोटाभोवती गुंडाळून सरळ करा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आलेला दिसेल. ही घट वजन नसतानाही राहते, ती काढायला पुन्हा ॲनीलिंगच लागतं. म्हणून म्यूमेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-लोखंड मिश्रधातूचं) कवच वाकवणं, भोकं पाडणं हे सगळं अंतिम उष्णतोपचाराआधी उरका, आणि नंतर ते कवच खाली पडू देऊ नका.