बाहुलीच्या फोटोचं चित्र: फिल्टर कुठे सोडायचा, कुठे आवरायचा

‘बाहुलीचा फोटो काढा, ॲपमध्ये टाका, ऑइल पेंटिंगवर बोट ठेवा, झालं!’ असे सल्ले देणाऱ्यांनी स्वतःचं चित्र कधी मोठं करून बघितलेलं नसतं. फोनच्या पडद्यावर सगळंच बरं दिसतं. जरा मोठं करा. लुगड्याचा काठ रंगवल्यासारखा दिसतोय, मागची भिंत छान उतरली आहे, आणि चेहऱ्याच्या जागी रंगाचे चार डाग. डोळे पुसले गेलेत, ओठ गालात विरघळलेत.

कारण साधं आहे. फिल्टर सगळ्या चित्रावर सारखाच चालतो, चित्रकार तसा चालत नाही. पदराच्या घोळावर तो रुंद ब्रश सपासप फिरवतो आणि डोळ्यापाशी आला की सगळ्यात बारीक ब्रश काढतो. फिल्टर वापरून चित्र करायचं म्हणजे हा फरक आपण पाडायचा. बाकी सगळं सोपं आहे, त्यामुळे ते भराभर सांगते.

बाहुली कुठलीही चालेल. मी इथे हातपाय वळणारी, बार्बीच्या मापाची बाहुली धरते, म्हणजे साडेअकरा इंच, साधारण २९ सेंटिमीटर. माणसाच्या सहाव्या हिश्शाचं हे माप. सावंतवाडीची लाकडी ठकी असेल तर पोझचा प्रश्नच नाही, ती उभी ती उभीच. पण तिचे रंगवलेले डोळे मोठे आणि ठळक असतात, त्यामुळे नवशिक्याला ती जास्त सोपी जाते. कॉम्प्युटरवर गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर हवं, ते फुकट आहे. नुसत्या फोनवरच करायचं असेल तर लेअर (फोटोचे एकावर एक ठेवायचे थर) आणि मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा) देणारं ॲप शोधा. ते नसेल तर पुढचं महत्त्वाचं काम जमणार नाही.

पोझ आणि फोटो

लुगडं नेसवताना खऱ्या साडीचा तुकडा वापरू नका, काठ बाहुलीच्या कमरेएवढा रुंद येतो. खणाचा तुकडा किंवा मऊ सुती रुमाल घ्या, निऱ्या ओल्या करून बोटांनी दाबा आणि टाचण्या लावून वाळू द्या. बाहुलीची बोटं बहुधा एकमेकांना चिकटलेली असतात, ती पदराआड किंवा भातुकलीतल्या कळशीमागे लपवा. उभी राहत नसेल तर तळपायाला मेण लावा.

मान वळवण्याआधी डोळे बघा. १९५९ सालची पहिली बार्बी तिरकी बघायची. सरळ समोर बघणारी बार्बी १९७१ साली आली. जुन्या घडणीच्या बऱ्याच बाहुल्या अजून एकीकडे बघत असतात. नजर जिकडे, तिकडेच कळशी, खिडकी, दिवा जे काही असेल ते ठेवा. नाहीतर बाई कळशी भरतेय आणि बघतेय शेजारणीच्या दाराकडे, असं होतं.

प्रकाश एकाच बाजूने. खिडकी असेल तर काचेवर बटर पेपर लावा, म्हणजे प्लास्टिकच्या कपाळावरचा चकचकीत पांढरा पट्टा जाईल. तो पट्टा फिल्टरनंतर चुन्याचा फटकारा मारल्यासारखा दिसतो. घरातली ट्यूबलाइट बंद. दोन बाजूंनी प्रकाश आला की चेहरा सपाट होतो आणि सपाट चेहऱ्यावर फिल्टरला धरायला काही उरत नाही. एकाच उजेडात चेहरा किती बोलतो हे बघायचं तर चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र बघा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि पुष्कळजण अजून ते रविवर्म्याचं समजतात. दिवा हातात, बोटांतून झिरपणारा उजेड, बाकी अंधार. तेही जलरंगात!

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा. वरून काढलेला फोटो खेळण्याचाच दिसतो, त्याला कुठलाही फिल्टर वाचवू शकत नाही. फार जवळ जाऊ नका. जवळून नाक फोकसमध्ये येतं आणि कान धूसर होतो, लगेच वस्तू चिमुकली असल्याचं कळतं. अर्धा मीटर लांब राहा आणि गरज लागली तर कापून घ्या. मागे नक्षीची चादर नको. साधी भिंत, गोणपाट, जुना पाट, काहीही चालेल.

फिल्टरच्या आधी

दोनच गोष्टी, पण दोन्ही टाळता येत नाहीत.

पहिली, माप. छापायचं असेल तर आत्ताच ठरवा. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने, छापायला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. फिल्टर सगळा हिशोब पिक्सेलमध्ये करतो. तोच आकडा छोट्या फोटोवर लावला तर रुंद फटकारे दिसतात आणि मोठ्यावर लावला तर काही झालंय असंही वाटत नाही. म्हणून ‘रेडियस (फटकाऱ्याची त्रिज्या) आठ ठेवा’ असं सांगून फोटो केवढा ते न सांगणारा सल्ला फेकून द्यावा. आणि फिल्टर लावून मग फोटो मोठा करणं तर विसराच.

दुसरी, सफाई. मानेचा सांधा, कोपरातली खाच, दंडावरून जाणारी साच्याची रेघ, हे सगळं हील टूलने, म्हणजे शेजारचा रंग घेऊन डाग बुजवणाऱ्या हत्याराने, आधी पुसा. फिल्टर ती रेघ लपवेल असं वाटतं. उलट तो ती जाड करतो. कापडाचे जाड धागे मात्र राहू द्या. ते तो खरंच गिळतो आणि रुमालाचं रेशीम करून देतो.

चेहरा

इथे मी पुष्कळ काळ अडून होते, म्हणून सावकाश सांगते.

गिम्पमध्ये फिल्टर्स, मग आर्टिस्टिक, मग ऑइलिफाय. तो काय करतो हे कळलं की निम्मी लढाई जिंकलीत. प्रत्येक ठिपक्याभोवती तो एक वर्तुळ आखतो आणि आत मतदान घेतो. ज्या रंगाचे ठिपके जास्त, तो रंग निवडून येतो. आता डोळ्यातली चमक बघा. पाचसहा ठिपक्यांची ती, भोवती बुबुळाचा काळा आणि गालाचा गुलाबी. तिचं डिपॉझिट जप्त. पापण्यांचं तेच, ओठांच्या मधल्या रेघेचं तेच. जी-मिक हे जोडसॉफ्टवेअर गिम्पला लावलंत तर त्यात कुवाहारा नावाचा फिल्टर मिळतो. मूळ तो १९७६ सालचा, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला गोंगाट काढण्यासाठीचा. तो कडा जास्त जपतो म्हणून मला तोच आवडतो, पण बारीक चमक त्यालाही जपता येत नाही.

म्हणून एकाच फोटोच्या तीन लेअर करा. ए-फोरच्या मापाचा, उभी बाहुली पूर्ण दिसणारा फोटो असेल तर ऑइलिफायचा मास्क रेडियस (मतदानाच्या वर्तुळाची त्रिज्या, लेअरच्या मास्कशी याचा संबंध नाही) खालच्या लेअरवर २०च्या आसपास, मधल्यावर १० ते १२, वरच्यावर ४. खालची भिंतीसाठी, मधली लुगडं आणि केसांसाठी, वरची चेहरा आणि हातांसाठी. फोटो वेगळ्या मापाचा असेल तर आकडे विसरा आणि हे धरा: चेहऱ्यावरचा रेडियस डोळ्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी हवा. डोळा किती पिक्सेल उंच आहे ते गिम्पच्या मेझर टूलने मोजता येतं. अंदाजाने करू नका.

वरच्या दोन्ही लेअरना काळा मास्क लावा, म्हणजे त्या दिसेनाशा होतील. मग मऊ कडेच्या ब्रशने त्या मास्कवर पांढरा रंग फिरवून हव्या तिथेच त्या उघडा. आता ताकीद. चेहरा हनुवटीच्या रेघेवरून कातरल्यासारखा उघडू नका. तसं केलंत की रंगवलेल्या बाईला फोटोचा मुखवटा चिकटवलाय असं दिसतं, आणि अशी चित्रं ढिगाने बघायला मिळतात. मास्कची कड केसांत शिरू द्या, मानेच्या सावलीत उतरू द्या, खांद्यावर पदराखाली संपू द्या. सावलीत ब्रश बदलला तर कोणाला कळत नाही. आणि चेहऱ्यावर फिल्टर अजिबात नको, कोरा फोटोच ठेवा, हा सल्ला ऐकू नका. चेहराही रंगवलेलाच दिसला पाहिजे, फक्त बारीक ब्रशने.

गालांचं काम फिल्टर लावण्याआधी करायचं. प्लास्टिकची कातडी कपाळापासून गळ्यापर्यंत एकाच रंगाची असते, माणसाची तशी नसते. नव्या लेअरवर, सॉफ्ट लाइट मोडमध्ये (वरचा रंग खालच्या फोटोत हलकेच मिसळणारा पर्याय), गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी आणि बोटांची टोकं यांवर विटकरी रंगाचा अगदी पातळ हात फिरवा. सावलीच्या बाजूला जबड्याखाली किंचित निळसर. मग ती लेअर फोटोत मिसळा आणि त्यानंतरच तीन प्रती करा. नंतर लावलेला रंग पावडर थापल्यासारखा वर तरंगतो. आधी लावलेला फटकाऱ्यांत मुरतो.

शेवटी डोळे. इथे एक गोष्ट जवळून बघा. कारखान्यात रंगवलेल्या डोळ्यात पांढरा ठिपका आधीच छापलेला असतो, बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत एकाच ठरलेल्या जागी, समजा वर डावीकडे. तुमची खिडकी उजवीकडे असेल तर तो ठिपका खोटा बोलतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. क्लोन टूलने बुबुळाचा रंग घेऊन तो पुसा. सगळ्यांत वर एक रिकामी लेअर घ्या आणि उजेडाच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी, नवा ठिपका हाताने द्या. समईचा उजेड खालून असेल तर चमकही बुबुळाच्या खालच्या अंगाला. शुद्ध पांढरा नको. खिडकीचा असेल तर निळसर पांढरा, समईचा असेल तर पिवळट. वरची पापणी एका रेघेत गडद करा, खालच्या पापणीला हात लावू नका. खालची गडद केली की बाहुली तमाशातल्या मावशीसारखी दिसायला लागते.

पूर्ण चित्र पडद्यावर मावेल एवढं करून बघा. डोळ्यांकडे नजर आधी गेली तर जमलं. लुगड्याकडे गेली तर मधल्या लेअरचे रंग थोडे उतरवा.

उरलेलं

फोटोशॉपवाल्यांनी त्यातला ऑइल पेंट वापरला तरी तीन लेअरची रीत हीच. फक्त त्यात लाइटिंगचा कोन असतो, तो तुमच्या खिडकीच्या दिशेशी जुळवा. तो जसा आला तसाच ठेवला तर रंगाचे उंचवटे एका बाजूने उजळतात आणि चेहरा दुसऱ्या बाजूने.

एका बोटात चित्र करून देणाऱ्या एआय ॲप्सबद्दल माझं मत स्वच्छ आहे: बाहुलीसाठी नकोत. २०१६ साली प्रिस्मा आलं तेव्हा निदान फोटोच्या रेषा बऱ्यापैकी जागेवर राहायच्या. आताची ॲप्स बाहुलीचा चेहरा काढून तिथे कुठलातरी गुळगुळीत सुंदर चेहरा बसवतात. मग तासभर निऱ्या घातल्यात कशाला?

कॅनव्हासचा पोत द्यायचा तर एकदाच, ओव्हरले या मिसळायच्या मोडमध्ये, १५ ते २० टक्के गडद. ऑइल पेंटच्या फटकाऱ्यांवर पुन्हा कॅनव्हास चढवला तर चित्र गोणपाटावर छापल्यासारखं होतं. जुन्या तसबिरीचा बाज हवा असेल तर पोत सोडा आणि रंग थोडे तपकिरीकडे झुकवा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली ओलिओग्राफं, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, वरून वार्निश फिरवलेली असत, म्हणून त्यांना ती तुकतुकी. हौशी लोक त्या छापील देवींना खरी जर आणि टिकल्या चिकटवून नेसवत. आपला धंदा बरोबर उलटा, खरं कापड आधीच आहे आणि ते रंगवलेलं दिसायला हवं.

खालून चित्रात शिरलेला टेबलाचा कोपरा कापा. डिजिटल चौकट लावू नका.

छापताना मॅट कागद मागा. चकचकीत कागदावर काळ्या केसांत समोरचा दिवा दिसतो. प्रिंटवाल्याला मशीनवरची आपोआप सुधारणा बंद ठेवायला सांगा. ती कडा धारदार करते आणि तुम्ही दिलेले डोळ्यांतले ठिपके टाचणीच्या डोक्यांसारखे बाहेर येतात. मोठी प्रत काढण्याआधी फक्त चेहऱ्याचा भाग, मोठ्या प्रतीत जेवढा येणार तेवढ्याच मापात, चार गुणिले सहा इंचाच्या कागदावर छापून घ्या. पडद्यापेक्षा कागदावर रंग गडद उतरतो. सावलीतला गाल काळा पडला असेल तर चेहऱ्याची लेअर उजळ करा आणि तो तुकडा पुन्हा छापा.