पंचवीस वर्षांची व्हीटेक विकताना

माझी २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक यंदा पाडव्यानंतर विकली. पंचवीस वर्षं एकच मालक, पुण्यात कोथरूडमधलं एकच पार्किंग. दिसायला चार दारांची साधी गाडी, पण दीड लिटरच्या इंजिनाला १०६ हॉर्सपॉवर. म्हणून आम्ही वेडे तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. त्यावर मी हेडर्स (इंजिनातला धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप) लावले, धूर कमी अडवणारा फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला, स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली, मोठी अलॉय चाकं घातली. एकूण खर्च किती झाला ते बायकोला माहीत नाही, तेव्हा इथेही लिहीत नाही.

अशी गाडी विकायची असेल तर जाहिरात नंतर. आधी माळ्यावर चढा.

माझ्या माळ्यावर तीन खोक्यांत मूळ सायलेन्सर, मॅनिफोल्ड (हेडर्सच्या जागचा कंपनीचा पाइप), स्प्रिंगा आणि एअर फिल्टरचा डबा होता. 'हे भंगार कधी जाणार?' हा प्रश्न मी वीस दिवाळ्या ऐकला. पण गाडीला खरी किंमत आली ती त्या खोक्यांमुळे. तुमच्या हेडर्सचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, उलट 'म्हणजे गाडी हाणलेली दिसते' म्हणत भाव पाडतं. म्हणून मी गाडी मूळ रूपात आणली आणि हेडर्स, अलॉय वेगळे विकले. ज्याला हेडर्स हवे असतात तो हेडर्सचे पैसे देतो. स्प्रिंगा मात्र मेकॅनिककडूनच बदलून घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा जातो.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. २००९ मध्ये मी चंदेरी गाडी गडद निळी करून घेतली, तेव्हा रंगाची नोंद आरसीवर करून घेतली होती. तेव्हा कटकट वाटली होती, आता उपयोगी पडली. इंजिनच बदललं असेल आणि नोंद नसेल तर ते आधी निस्तरा, नाहीतर गिऱ्हाईक संगम पुलाजवळच्या आरटीओतून तुम्हालाच फोन करेल.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, लागतं. माझी मुदत मार्चमध्ये संपत होती. वीस वर्षांवरच्या कारला आता दहा हजार फी आहे, तरी मी ती भरून, पासिंग करूनच गाडी विकायला काढली. संपत आलेलं पासिंग म्हणजे घासाघीस करायला आयतं कोलीत.

जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहू नका. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी. आपलं लेकरू अजून अर्ध्या वाटेवर आहे. फोटो सकाळच्या उन्हात काढा आणि दाराखालचा गंज, डॅशबोर्डची चीर हेही दाखवा. ज्याला पटायचं नाही तो घरी येऊन चहा पिण्याआधीच गळतो.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका. जाणकार माणूस आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो. इंजिन ऑइल मात्र आदल्या दिवशी बघा. व्हीटेकमध्ये वरच्या आरपीएमला (इंजिन जोरात फिरताना) वाल्व्ह जास्त उघडायला लावणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी असेल तर तो सुप्रसिद्ध आवाज येतच नाही, आणि समोरचा समजतो इंजिन गेलं. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती हातात द्या. तो तुटला तर वाल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, हे त्याला ठाऊक असतं.

ट्रायलला चांदणी चौकातून पिरंगुटच्या बाजूला न्या. जाताना तुम्ही चालवा, येताना तो. लक्ष्मी रोडवर कुठल्याही गाडीची परीक्षा होत नाही, फक्त क्लचची होते.

आता पैसे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. आयकर कायदा आहे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली की मगच गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही. कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. माझी जुनी स्कूटर एका एजंटाला तशी दिली होती, पुढची दोन वर्षं सिग्नल तोडल्याची पत्रं माझ्या घरी येत होती. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाईही आरसीवरच्या मालकाच्या गळ्यात येते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांच्या सह्या घ्या. फास्टॅग बंद करा. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. त्याचं पत्र मागून घ्या.

आणि दुसरी किल्ली द्या. मी विसरलो. गाडी घेणारा निगडीचा पोरगा दोन दिवसांनी तिच्यासाठी परत आला, तर गाडी गेटबाहेर रस्त्यावर लावावी लागली त्याला. माझ्या जागेवर तोवर दुसऱ्या मजल्यावरच्यांची ॲक्टिव्हा लागली होती.