हरत्या हंगामात प्रशिक्षकांची वही

अमेरिकेत लिंकन शहरी नेब्रास्का विद्यापीठात दोन वर्षं शिकले आणि तिथलं अमेरिकन फुटबॉल कायमचं जडलं. तिथला सकाळी अकराचा सामना कोथरूडला शनिवारी रात्री साडेनऊला लागतो, संध्याकाळचा रविवारी पहाटे. हंगाम बिघडला की लिंकनचे जुने मित्र विचारतात, ‘हाकलायचा ना आता प्रशिक्षक?’ उत्तर देण्याआधी मी माझी वही काढते. तुम्हीही एक करा.

तीन पानं पाडा: ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारे), डिफेन्स (समोरच्यांना अडवणारे), स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे). प्रत्येकाचे प्रशिक्षक सहसा वेगळे असतात, त्यामुळे चुका कुणाच्या पानावर साचताहेत ते दिसतं. नुसत्या हारजितीवरून हे कळत नाही. २०२१ मध्ये नेब्रास्का १२ पैकी ९ सामने हरलं, पण एकही हार ९ गुणांहून मोठी नव्हती. नॉर्थवेस्टर्नला तर ५६-७ असं लोळवलं. म्हणजे मुलांत दम होता. मग सामने जात कुठे होते?

मिशिगन स्टेटविरुद्ध आपण २०-१३ पुढे होतो. पंट, म्हणजे चेंडू समोरच्यांकडे सोपवताना मारलेली लांब किक, एका बाजूला गेला, अडवणारी मुलं दुसऱ्या बाजूला धावली, समोरच्याने चेंडू थेट आपल्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत २०-२३ असे हरलो. पुण्यात उजाडलं होतं आणि मला रडू आवरेना. अशी चूक एकदा झाली तर खेळाडूची धरा. पुन्हा पुन्हा झाली तर ती सरावाची, म्हणजे प्रशिक्षकाची.

चेंडू खेळात येण्याआधीच ऑफेन्समधलं कुणी चुकून हललं की पाच यार्ड मागे जावं लागतं. या पेनल्ट्या घरच्या मैदानावरच्या वेगळ्या मोजा. परक्या मैदानावर गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, तिथे थोडी सूट द्या. मध्यंतरानंतर पहिल्या दोन चालींत काही बदललं का, तेही लिहा.

संघात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं किती, हे बघायलाच हवं. मात्र प्रशिक्षकाचं चौथं वर्ष असेल तर ही सबब मानू नका, मुलं त्यानेच निवडलेली असतात.

मदतनीस प्रशिक्षक बदलले, तर कोणत्या पानावरचे बदलले ते बघा. २०२१ च्या त्या हंगामात नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी ऑफेन्सचे चार प्रशिक्षक काढले. पुढचा हंगाम डब्लिनमध्ये सुरू झाला. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे आखूड किक मारून चेंडू स्वतःच परत मिळवायचा डाव. चेंडू गेला समोरच्यांकडे, सामना २८-३१ हरलो. निर्णय आपलाच होता, असं फ्रॉस्ट यांनी नंतर सांगितलं.

त्या रात्री मी चौथं पान जोडलं: मुख्य प्रशिक्षकाचे स्वतःचे निर्णय. ११ सप्टेंबर २०२२ ला विद्यापीठाने त्यांना काढलं. विद्यापीठ १ ऑक्टोबरपर्यंत थांबलं असतं तर फ्रॉस्ट यांना द्यावी लागणारी भरपाई निम्मी झाली असती, तरी ते थांबलं नाही.

या चौथ्या पानावरची नोंद मात्र निकाल कळण्याआधी करा. किक मारायच्या आधीच लिहा: आघाडी किती, वेळ किती, तुम्ही काय केलं असतं.