लाखेच्या जुन्या तबकड्या वाजवताना या चुका टाळा

मुंबईच्या चोरबाजारात गठ्ठे चाळताना, नाहीतर एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, नाट्यपदाची मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हाती लागते आणि घरी पोचताच ती लावायचा मोह होतो. नेमका तिथेच घात होतो. लाखेची खाच एकदा खरवडली की भरून येत नाही, आणि फारशा न खपलेल्या गायकाची दुसरी प्रत मिळेलच असा भरवसा नसतो.

स्पिरिटने पुसणे. विनाइलच्या एलपीला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, म्हणून तेच इथे वापरलं जातं. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पुसल्यावर कापडाला काळा रंग लागला, तर ती धूळ नसते, गाणं निघून आलेलं असतं. बॅटरीत घालायचं एक लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाका आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढा, लगेच टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा. भेग गेलेली तबकडी ओली करू नका.

पिन न बदलणे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन एका बाजूसाठीच असते. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते ती मुद्दाम. पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धार आलेली असते. तीच पिन पुन्हा लावली की ती छिन्नीसारखी चालते, आणि आधी जातात ते वरचे बारीक स्वर. तबकडीवर खाचा राखाडी दिसत असतील तर बहुधा हेच घडलेलं असतं. एलपी मात्र या यंत्रावर कधीच लावू नका, पिन धरणाऱ्या जड साउंडबॉक्सच्या वजनाखाली ती एका वाजवण्यात खराब होते.

एलपीची सुई. आधुनिक टर्नटेबलवर ७८ ची गती असली तरी तेवढ्याने भागत नाही. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतं, तर ७८ साठी ३ मिलच्या आसपासचं लागतं. बारीक सुई खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी लोळते, तळातला कचरा खरखरून वाजवते आणि गाणं पातळ येतं. ७८ ची वेगळी सुई घ्या. भार ३ ते ५ ग्रॅम, पण कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसते त्या डबीवर, लिहिलेल्या मर्यादेतच. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका. खाचेत आवाज आडवा कोरलेला असतो, त्यामुळे सुईच्या वरखाली हलण्यातून येणारी बरीच खरखर बेरजेत आपोआप कटते.

७८ म्हणजे ७८ च, असं धरून चालणे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक मुद्रणाचा वेग थोडा वेगळा असे. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की अख्खी एक पट्टी चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये वाजतं, आवाज किनरा होतो आणि ताना नको तितक्या सुसाट वाटतात. आधी टर्नटेबल तपासा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोबची चकती (वेग तपासायची, टर्नटेबलवर ठेवून फिरवायची) निऑन दिव्याखाली स्थिर दिसली, तर वेग ७७.९२ आहे. बहुतेक एलईडी दिव्यांखाली हे नीट दिसत नाही. मग साथीच्या पेटीचा षड्ज आपल्या पेटीवर शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर वेग चुकला असण्याची शक्यता मोठी. त्या काळातली पेटी आजच्या मापाला लावलेली असेलच असं नाही, म्हणून शेवटचा कौल गळ्याला द्या. त्या गायकाच्या इतर तबकड्या शेजारी ठेवून ऐका.

खरखर काढताना तंबोरा काढणे. ही चूक सर्वांत हळहळ लावणारी, कारण ती हौसेने होते. तंबोऱ्याच्या जवारीचे वरचे स्वरांश आणि तबकडीची सळसळ कंपनांच्या एकाच टप्प्यात येतात. सॉफ्टवेअरला दोन्ही गोंगाटच वाटतात. टिचक्या काढायचं साधन तबल्याच्या चाटीवरचा ‘ता’ टिचकी समजून कापतं. आधी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची कच्ची प्रत घ्या आणि तिला हात लावू नका. सफाई दुसऱ्या प्रतीवर करा आणि काढून टाकलेला भाग वेगळा ऐका. त्यात सूर किंवा बोल ऐकू आले तर सफाईची मात्रा कमी करा. आवाज मुळातच दबका येत असेल तर सुईचा क्षीण आवाज मोठा करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प तपासा. त्यातली आरआयएए जोडणी, म्हणजे खालचे-वरचे स्वर ठरल्या मापाने कमीजास्त करणारी सोय, एलपीसाठीची आहे आणि ती १० किलोहर्ट्झला सुमारे १४ डेसिबल छाटते. कर्ण्यात गाऊन केलेल्या, म्हणजे विद्युत मुद्रण येण्याआधीच्या, तबकड्यांना ती छाटणी लागू नाही.

शेवटची घोषणाही कापू नका. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या तेव्हा त्यांनी गाण्याअखेर आपलं नाव इंग्रजीत सांगितलं. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू होण्याआधी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळायला हवं होतं. अशी घोषणा म्हणजे काळाचा पुरावा आहे. तिच्यासोबत लेबलवरचा क्रमांक आणि लेबलच्या कडेला लाखेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा स्वतःचा क्रमांक, दोन्ही उतरवा. लेबल बदललं तरी कोरलेला क्रमांक मुद्रण ओळखू देतो.

ठेवायला कागदी पाकिटं, तबकड्या उभ्या, दहा आणि बारा इंची वेगळ्या. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात आणि उन्हाच्या खिडकीपाशी वाकतात.