नातवंडांबरोबर शिकार, मासेमारी आणि बोटींच्या प्रदर्शनाला जाताना

वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांतील मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत राहतात, आणि आजी-आजोबांचा तिकडचा मुक्काम जानेवारी ते मार्च या काळात पडला, तर एखाद्या शनिवारी ‘आउटडोअर शो’ला जाण्याचा बेत ठरण्याची बरीच शक्यता असते. शिकार, मासेमारी आणि बोटी यांची ही प्रदर्शने हिवाळा सरत असताना भरतात, कारण हंगाम अजून पुढे असतो आणि बोट किंवा गळकाठी घेणारे गिऱ्हाईक याच दिवसांत तयारीला लागलेले असते. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे भरणारे असे प्रदर्शन तर नऊ दिवस चालते. शिकारीचे नाव ऐकून आपल्यापैकी काही जण घरीच थांबणे पसंत करतात. माझ्या मते अवश्य जावे, मात्र काय पाहायचे हे घरीच ठरवून जावे आणि सर्वांत जास्त वेळ बोटींच्या दालनासाठी राखून ठेवावा.

तिकिटे संकेतस्थळावरून आधीच काढावीत, आणि लहान मुलांना प्रवेश मोफत आहे का, तसेच वाहनतळाचे पैसे वेगळे आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे. शक्य असल्यास आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा. दालने प्रचंड मोठी आणि जमीन सिमेंटची असल्यामुळे गुडघे लवकर बोलू लागतात, म्हणून मऊ तळव्याचे बूट घालावेत. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत उकाडा असतो, त्यामुळे जाड कोट ठेवण्याची सोय कोठे आहे याची चौकशी आत शिरतानाच करावी. शाकाहारी मंडळींनी भरपेट खाऊन निघावे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतात की नाही हे पाहूनच थेपल्यांचा डबा पिशवीत टाकावा. दुकानदार चवीसाठी जे तुकडे पुढे करतात त्यांत हरणाचे किंवा गाईचे वाळवलेले मांस असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय काहीही तोंडात टाकू नये.

शिकारीच्या दालनात पेंढा भरलेली हरणे, अस्वले आणि भिंतीवर लावलेली मुंडकी दिसतात. ज्या मुलांनी कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आणि पेंढा भरलेले प्राणी पाहिले असतील ती फारशी दचकणार नाहीत, पण बाकीच्यांना निघण्यापूर्वी कल्पना द्यावी. मुले प्रश्न विचारतील आणि त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तर अमेरिकेत ती परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा यांत बांधलेली आहे. शिवाय १९३७च्या कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर घेतला जातो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ही व्यवस्था आपल्याला पटो वा न पटो, ती समजून घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याचे दालन सर्वांत चांगले. तेथे कवट्या आणि कातडी हातात देऊन प्राणी ओळखायला शिकवतात, आणि तेथील कर्मचारी मुलांशी मनापासून बोलतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास तेथील संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद त्यात आहेत. त्यामुळे छायाचित्रापुरतीदेखील बंदूक हातात घेऊ नये आणि नेमबाजीच्या रांगेत उभे राहू नये. मुलांसाठी धनुष्यबाणाची सोय असते, ती पुरेशी आहे.

मासेमारीच्या भागात मुले हमखास रमतात. ट्राउट माशांनी भरलेला हौद असतो, छोटी गळकाठी हातात मिळते आणि शिकवणारा माणूस शेजारी उभा असतो. पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात की मुलाच्या हाती देतात हे आधी विचारावे, नाहीतर शाकाहारी घरातील नात रडवेली होईल. पुढे खऱ्या तळ्यावर गळ टाकायचा असेल तर मोठ्या माणसांना राज्याचा परवाना घ्यावा लागतो.

आता बोटींविषयी. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थ्यांचा आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वडोदऱ्याच्या कोणत्याही आजी-आजोबांनी या दालनात फक्त चकचकीत बोटींच्या किमती पाहून परत फिरू नये, असे मला फार वाटते. येथे विक्रेत्याला मोकळेपणाने विचारता येते. बूट काढून बोटीत चढावे आणि आतल्या बाजूस लावलेली क्षमतेची पट्टी नातवंडांकडून वाचून घ्यावी. २० फुटांपेक्षा लहान मोटारबोटींवर किती माणसे आणि किती वजन चालेल हे लिहिणे तेथे सक्तीचे आहे. चालत्या बोटीत उघड्यावर बसलेल्या १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, असाही तेथील संघराज्याचा नियम आहे, मात्र राज्याचा स्वतःचा नियम असेल तर तो लागू होतो.

त्यानंतर जॅकेटच्या दुकानात मुलाला प्रत्यक्ष जॅकेट घालून पाहावे. माप वयावर ठरत नाही, वजनावर ठरते: ३० ते ५० पौंड, म्हणजे सुमारे १४ ते २३ किलो वजनाच्या मुलांसाठी एक आणि ५० ते ९० पौंड, म्हणजे सुमारे २३ ते ४१ किलो वजनाच्या मुलांसाठी दुसरे. सगळे पट्टे आवळून मुलाला हात वर करायला सांगावे आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटी ओलांडून वर सरकले तर ते मोठे आहे. अगदी लहान मुलांच्या जॅकेटला मानेमागे डोके वर धरणारी कॉलर, पायांमधून जाणारा पट्टा आणि वर उचलण्यासाठी मूठ असावी. हे सारे आजोबांनी स्वतःच्या अंगावरही करून पाहावे, कारण पोहता येते म्हणून जॅकेट नको म्हणणारे बहुधा घरातले ज्येष्ठच असतात.

खरेदी करताना हात आखडता घ्यावा. शिंगे, कातडी, पिसे यांपैकी काहीही भारतात आणण्यासाठी घेऊ नये. परवान्याशिवाय अशा वस्तू विमानतळावर अडकतात. काडतुसाची किल्लीची साखळी किंवा जमिनीवर सापडलेले रिकामे काडतूस नातवाने खिशात घातले नाही ना, हे घरी आल्यावर तपासावे, कारण परतीच्या प्रवासात सामानाच्या तपासणीत त्यावरून चौकशीला तोंड द्यावे लागते. सुऱ्या आणि गळ हातातल्या पिशवीत ठेवू नयेत. फोमचे लाइफ जॅकेट मात्र अवश्य आणावे. ते हलके असते आणि मोठ्या बॅगेत सहज मावते. वायूच्या नळकांडीने फुगणारे जॅकेट घेतले असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी मागावी लागते. नातवंडे सुट्टीत वडोदऱ्याला आली आणि चांदोदच्या संगमावर नावेत बसायचे ठरले, तर हेच जॅकेट निघताना गाडीत टाकावे.