पोर्तुगालच्या निवडणुकीची बातमी गोव्याच्या पेपरात कशी घ्यायची

वृत्तसंस्थेची तयार बातमी (एजन्सीची कॉपी) आली की जशीच्या तशी ट्रान्सलेट करून टाकू नका, आधी आपल्या वाचकाचा संबंध कुठे येतो ते बघा. तिथल्या संसदेत २३० जागा, त्यातल्या ४ परदेशातल्या मतदारांच्या, २ युरोपातल्या आणि २ युरोपाबाहेरच्या, म्हणजे मडगावात बसून पोस्टाने मत देणारा पोर्तुगीज पासपोर्टवाला या शेवटच्या दोनांत येतो, हे इंट्रोतच, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, पाहिजे. बहुमत ११६, सोबत लिहा आपल्याकडे गोवा विधानसभेत ४० पैकी २१ लागतात तसं, लगेच कळतं. आंतोनियो कॉश्ता पंतप्रधान असताना (२०१५ ते २०२४) हेडिंगला 'गोमंतकीय वंशाचे' जोडलं की भागायचं, आता इमिग्रेशनचे नियम बदलणार का तेच लोक विचारतात. लिस्बनचे आकडे मध्यरात्रीनंतर येतात, पहिल्या आवृत्तीत 'मतदान पूर्ण' एवढंच लावा, उगाच विजयी कोण ते ठोकून देऊ नका.